वाचकांचे प्रश्न : विक्रांतचे ड्रम, डेकवरची तार आणि चवथीचा देखावा

विमानवाहू नौकांवरील गेल्या अंकातल्या लेखानंतर बरीच पत्रे आली. एकाच विषयावरची पत्रे एकत्र करून त्यांतले काही प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : 1971 च्या युद्धाआधी विक्रांतच्या बॉयलरला भेगा गेल्या होत्या आणि नवे ड्रम इंग्लंडहून मागवले, असे लेखात वाचले. त्यासाठी इंग्लंडकडे बघायची गरज काय होती? मुंबईच्या गोदीत वेल्डर नव्हते का?
– निवृत्त फिटर, वास्को

उत्तर : वेल्डर होते, आणि चांगले होते. पण हे काम हाताच्या कसबावर सुटणारे नव्हते. अडचण ड्रमाच्या जातीत होती.

जुन्या विक्रांतवर (त्याच नावाची नवी नौका 2022 मध्ये आली) ॲडमिरल्टी म्हणजे ब्रिटिश नौदलाच्या पद्धतीचे, प्रत्येकी तीन ड्रमांचे चार बॉयलर होते. वर वाफेचा एक ड्रम, खाली दोन बाजूंना पाण्याचे दोन आणि त्यांना जोडणाऱ्या नळ्यांच्या दाट रांगा. समोरून पाहिले तर छपराच्या दोन पाख्यांसारखा आकार, आणि त्या छपराखाली आग. नळ्या बसवण्यासाठी ड्रमाच्या भिंतीला शेजारी शेजारी भोके पाडलेली असतात. दोन भोकांमध्ये उरलेली लोखंडाची पट्टी ही सगळ्यात कमकुवत जागा. बॉयलर पेटवला की ती ताणते, विझवला की आकसते. वर्षानुवर्षे हे चालले आणि त्यात पाण्यातला क्षार व प्राणवायू यांची भर पडली, की धातू थकतो आणि आतल्या बाजूने बारीक भेगा सुरू होतात. 1970 च्या जूनमध्ये विक्रांत मुंबईच्या नौदल गोदीत घेतली तेव्हा पाण्याच्या ड्रमांत अशाच भेगा सापडल्या.

अशी भेग एका भोकातून निघून दुसऱ्या भोकाकडे जाते. ती वेल्ड करायची तर आधी तिचे टोक सापडले पाहिजे. टोक राहिले, तर वेल्डच्या बाजूने ती पुन्हा चालू लागते. शिवाय वेल्डच्या उष्णतेने जाड भिंतीत ताण अडकून बसतो. तो काढायला सगळा ड्रम ठरावीक तापमानापर्यंत सारखा तापवून हळूहळू निववावा लागतो. नळ्या बसलेल्या, विटांचे अस्तर लावलेल्या आणि बोटीच्या पोटात अडकलेल्या ड्रमाला हे करता येत नाही. म्हणजे ड्रम बदलणे हाच उपाय. तसे ड्रम आपल्याकडे तयार होत नव्हते, म्हणून चार नवे ड्रम ब्रिटनकडून मागवले गेले. बदलण्याचे कामही सोपे नव्हे. विमानवाहू नौकेत बॉयलरच्या डोक्यावर हँगर (विमाने ठेवायचा मजला) आणि त्यावर फ्लाइट डेक (विमाने उडण्या-उतरण्याचा मजला) असतो, त्यामुळे मोठा भाग आत-बाहेर करायचा तर वरचे मजले कापावे लागतात.

नवे ड्रम बसण्याआधीच युद्धाची चिन्हे दिसू लागली. 1971 च्या मार्चमध्ये बॉयलर जपून पेटवून चाचण्या घेतल्या. नौकेला ढकलणाऱ्या पंख्याचे फेरे पुढे जाताना मिनिटाला 120 आणि मागे जाताना 80 यांवर बांधून दिले गेले, त्यामुळे वेग 14 नॉटवर (ताशी 14 सागरी मैल) आला. मूळ क्षमता 25 नॉटच्या आसपास. हा फरक केवळ पोचायला उशीर होण्याचा नसतो. विमान उडवताना नौका वाऱ्याच्या तोंडावर जाते आणि तिचा वेग डेकवरच्या वाऱ्यात मिळतो. तो दहा नॉटनी घटला, की तेवढी घट कॅटापुल्टने, म्हणजे विमानाला डेकवरून झटक्यात पुढे फेकणाऱ्या यंत्राने, भरून काढावी लागते, नाहीतर विमानातले इंधन किंवा बॉम्ब कमी करावे लागतात. आणि कॅटापुल्टची वाफ येते त्याच बॉयलरमधून! एका भेगेने दोन्हीकडून कोंडी होते ती अशी. तरीही 4 डिसेंबर 1971 रोजी सी हॉक विमाने विक्रांतवरून उडाली आणि त्यांनी तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या कॉक्स बाजारवर हल्ला केला.

आता या नौकेचा मूळ आराखडा पाहा. 1942 साली ब्रिटनला विमानवाहू नौका घाईने हव्या होत्या. म्हणून व्यापारी जहाजांच्या बांधणीच्या नियमांवर, लढाऊ जहाजे न बांधणाऱ्या गोद्यांनाही जमेल असा हलका आराखडा केला गेला. युद्ध संपेपर्यंत किंवा तीनेक वर्षे चालली म्हणजे पुरे, असा हिशेब होता. त्या आराखड्याच्या सोळा नौका हाती घेतल्या गेल्या. आपली त्यांतली ‘हर्क्युलिस’. 1943 मध्ये तिचा पाया घातला, 1945 मध्ये ती पाण्यात उतरली आणि 1946 मध्ये काम अर्धवट थांबले. भारताने ती 1957 मध्ये घेतली. बेलफास्टला हार्लंड अँड वुल्फने तिला तिरपा डेक आणि वाफेचा कॅटापुल्ट देऊन पुरी केली. 4 मार्च 1961 रोजी ती नौदलात आली आणि 31 जानेवारी 1997 रोजी निवृत्त झाली. तीन वर्षांच्या बेताच्या सांगाड्यावर छत्तीस वर्षे काढली. तेव्हा दहाव्या वर्षी ड्रमाने मान टाकली यात नवल नाही.

अशा नौकांना सुटे भाग मिळण्याचा एक मार्ग बहिणींचा होता. विक्रांतच्याच वर्गातली ‘लेव्हायथन’ कधीच पुरी झाली नाही. 1968 मध्ये डच नौदलाच्या ‘कारेल डोरमन’च्या बॉयलर खोलीत आग लागली, तेव्हा लेव्हायथनचे न वापरलेले बॉयलर काढून तिच्यात बसवले गेले आणि ती नौका ‘व्हेइंतिसिंको दे मायो’ नावाने अर्जेंटिनाला गेली. पुढे ती थकल्यावर तिचे भाग ब्राझीलच्या ‘मिनास जेराइस’च्या कामी आले. या दोघींचा शेवट आपल्याकडेच, गुजरातमधल्या अलंगला झाला.

नवा बॉयलर घेतला म्हणजे सुटलो, असेही नाही. रशियाकडून घेतलेल्या विक्रमादित्य या विमानवाहू नौकेच्या 2012 मधल्या पूर्ण वेगाच्या चाचणीत आठपैकी सात बॉयलरांनी दगा दिला. ॲस्बेस्टॉस आपल्याला नको होते, म्हणून आतल्या अस्तरात उष्णतारोधक विटा वापरल्या होत्या, आणि त्या पूर्ण तापात टिकल्या नाहीत. हळू चालवताना दोष कळला नव्हता. नौका वर्षभर उशिरा, 16 नोव्हेंबर 2013 रोजी ताब्यात आली. अस्तर बदलले असेल तिथे चाचणी पूर्ण ताकदीवरच घ्यावी लागते, हे फिटरसाहेबांना आम्ही सांगायला नको.

प्रश्न : आमच्या ट्रॉलरच्या विंचची तार वर्ष-दीड वर्षात जाते. विमान अडवणारी तार किती टिकते? ती तुटल्यावर काय होते?
– ट्रॉलरमालक, मालीम जेटी

उत्तर : अमेरिकी नौकांवर डेकवर आडवी दिसणारी तार साधारण 125 विमाने उतरली की काढून टाकतात, मग ती कितीही चांगली दिसो. जाडी सुमारे 36 मिलिमीटर. तिथे महिने मोजत नाहीत, झटके मोजतात. डेकखाली यंत्राला गुंडाळलेली लांब तार वेगळी असते आणि ती जास्त काळ चालते. डेकवरचा तुकडा मुद्दाम वेगळा ठेवतात, कारण हुकाचा घाव त्यावरच बसतो आणि तो पटकन बदलता आला पाहिजे.

बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात सी हॉक किंवा अलिझेच्या शेपटीखाली वाकून पाहा, हुक दिसेल. तो तारेत अडकला की डेकखालचा दट्ट्या द्रव दाबून विमानाचा जोर खातो. प्रत्येक विमानाच्या आधी त्याच्या वजनाप्रमाणे हे यंत्र लावावे लागते. आकडा कमी लागला तर तार शेवटपर्यंत धावते आणि विमान थांबत नाही. जास्त लागला तर झटका इतका बसतो, की हुक उखडतो किंवा तार तुटते. 18 मार्च 2016 रोजी अमेरिकेच्या ‘आयझेनहॉवर’वर तार तुटून आठ नौसैनिक जखमी झाले. चौकशीत निघाले, की दोष तारेत नव्हता. दुरुस्तीतली एक पायरी राहून गेल्याने यंत्राने विमानाला आवरलेच नाही. तुटलेली तार डेकवर चाबकासारखी फिरते. विंचजवळ उभे राहणाऱ्या तुमच्या खलाशांना ते वेगळे सांगायला नको.

या कल्पनेची सुरुवात मात्र वाळूच्या पिशव्यांनी झाली. 18 जानेवारी 1911 रोजी युजीन इलीने ‘पेनसिल्व्हेनिया’ या क्रूझरवर विमान उतरवले, तेव्हा फळ्यांच्या डेकवर 22 दोर आडवे टाकून त्यांच्या दोन्ही टोकांना पिशव्या बांधल्या होत्या.

तुमच्या कामाच्या दोन गोष्टी. नौकेवर तारेचे टोक झाडूसारखे उकलून, साफ करून, शंकूच्या सॉकेटात घालतात आणि वर वितळलेले जस्त ओततात. क्लिप लावत नाहीत. तुम्ही क्लिपच लावणार, तर यू-बोल्टचा वाकडा भाग नेहमी तारेच्या मोकळ्या, आखूड टोकावर येऊ द्या आणि खोगीर ताण घेणाऱ्या तारेवर. उलटे लावले तर यू-बोल्ट ताणाखालच्या तारेलाच चेचतो. 12 मिलिमीटर तारेला किमान तीन क्लिप, दोन क्लिपांत साधारण 75 मिलिमीटर अंतर, आणि पहिला जोर बसल्यावर नट पुन्हा आवळायचे. दुसरी गोष्ट, तार डोळ्याने न पाहता कॅलिपरने मोजा. तीही पेडांच्या उंचवट्यांवरून मोजायची, खाचेतून नव्हे. 12 ची तार 10.8 च्या खाली गेली की बदला. वरून ग्रीस चकचकीत आणि आत गाभा गंजलेला, असे समुद्रावर नेहमीच होते.

प्रश्न : सगळ्या विमानवाहू नौकांची डेकवरची इमारत उजवीकडेच का असते?
– म्हापसा

उत्तर : सुरुवातीच्या विमानांचे इंजिन पंख्याबरोबर स्वतःही फिरे, त्यामुळे विमान डावीकडे वळायला सोपे जाई. उतरणे फसले की वैमानिक डावीकडे वळून निघत. ती बाजू मोकळी ठेवायची म्हणून इमारत उजवीकडे गेली. जपानच्या ‘अकागी’ आणि ‘हिर्यू’ यांची इमारत डावीकडे होती. तो प्रयोग जपाननेही पुढे चालवला नाही.

प्रश्न : दाबोळीला नौदलाने जमिनीवर एक चढण बांधली आहे म्हणतात. समुद्र इतका जवळ असताना जमिनीवर कशाला?
– चिखली, मुरगाव

उत्तर : आयएनएस हंसा या नौदलाच्या दाबोळीच्या विमानतळावर स्की-जंपची चाचणी-सुविधा आहे. टोकाला 14 अंशांची चढण आणि उतरण्याच्या जागी अडवणाऱ्या तारा, म्हणजे डेकची जमिनीवरची नक्कल. डेक हलतो, डुलतो आणि आखूड असतो. नव्या विमानाचा दोष तिथे पहिल्यांदा कळावा हे परवडणारे नाही. तेजस या देशी लढाऊ विमानाच्या नौदल आवृत्तीने 20 डिसेंबर 2014 रोजी इथून पहिली झेप घेतली आणि 13 सप्टेंबर 2019 रोजी तारेवर पहिली उतरण केली. विक्रमादित्यवर ते उतरले त्यानंतर, 11 जानेवारी 2020 रोजी. राफेल-एम या फ्रेंच लढाऊ विमानाची परीक्षाही जानेवारी 2022 मध्ये इथेच झाली.

चढणीची कल्पना ब्रिटिश नौदलातल्या डग टेलर यांची. पहिली चाचणी 1977 मध्ये बेडफर्डला झाली, तीही जमिनीवरच. चढण विमानाला वर फेकते, तेव्हा त्याला उडण्याइतका वेग अजून आलेला नसतो. पण वर जाताना मिळालेल्या काही सेकंदांत इंजिन तो मिळवून देते. कॅटापुल्टच्या मानाने यात हलणारा भाग एकही नाही, म्हणून सुटे भागही नाहीत. किंमत मोजावी लागते ती वजनात : जड विमान पूर्ण इंधन आणि शस्त्रे घेऊन उडवणे अवघड जाते. जुन्या विक्रांतचा कॅटापुल्ट काढून 1980 च्या दशकाच्या शेवटी 9.75 अंशांची चढण बसवली, कारण सी हॅरियर या विमानाला कॅटापुल्ट लागतच नव्हता. विराट या आपल्या दुसऱ्या विमानवाहू नौकेची चढण 12 अंशांची होती.

हा संरक्षण दलाचा तळ आहे. विमानाच्या खिडकीतून त्याचे फोटो काढू नयेत, ही विनंती नव्हे, नियम आहे.

प्रश्न : यंदा चवथीला मंडळाच्या देखाव्यात नवी विक्रांत करायची आहे. विमान चढणीवरून वर गेले पाहिजे. मापे आणि युक्ती सांगावी.
– गणेशोत्सव मंडळ, माशेल

उत्तर : 1 : 100 हे प्रमाण घ्या, हिशेब सोपा जातो. खरी लांबी 262 मीटर आणि रुंदी 62 मीटर. तुमची नौका 2.62 मीटर लांब आणि 62 सेंटिमीटर रुंद होईल. नौकेवरचे मिग-29के हे लढाऊ विमान 17.3 सेंटिमीटर लांब, पंख उघडे असताना 12 आणि मिटलेले 7.8 सेंटिमीटर रुंद. डेकवर उभी ठेवलेली विमाने पंख मिटून ठेवा, नाहीतर गर्दी खोटी दिसते. राफेल ठेवणार असाल तर त्याचे पंख मिटत नाहीत.

बहुतेक देखाव्यांत चूक होते ती चढणीत. 14 अंशांची सरळ पाचर ठोकली की नौका घसरगुंडीसारखी दिसते आणि विमान खालच्या कोनात नाक आपटून अडते. चढण हा कंस असतो. 14 अंश फक्त शेवटच्या टोकाला. देखाव्यासाठी चढणीची लांबी 40 सेंटिमीटर धरा, कंसाची त्रिज्या 165 सेंटिमीटर येते. 6 मिलिमीटर प्लायच्या उभ्या फासळ्या दर 10 सेंटिमीटरवर लावा. डेकच्या पातळीपासून त्यांची उंची अनुक्रमे 3, 12, 27 आणि 49 मिलिमीटर. वर 3 मिलिमीटर प्लाय वाकवून बसवा. सरळ पाचर केली असती तर टोक 10 सेंटिमीटर वर गेले असते, म्हणजे दुप्पट.

विमान ओढायला तंगूस (मासे गरवायचा नायलॉनचा पारदर्शक दोर) वापरा. दोरा दिसतो, तंगूस दिव्याखाली दिसत नाही. डेकमध्ये 3 मिलिमीटर रुंद चीर ठेवा, खालून एक गाडी धावू द्या आणि विमान तिच्या खुंटीवर बसवा. टोकाच्या पुढे तंगूस वर छपराकडे न्या, म्हणजे विमान सुटल्यावरही वर जात राहील. मोटर गिअरची, हळू फिरणारी घ्या. चीर चढणीच्या वळणावर आवळते आणि गाडी तिथेच अडकते, म्हणून तेवढ्या भागात चीर 4 मिलिमीटर करा. पुठ्ठा वापरू नका. भाद्रपदातल्या दमट हवेत तो दोन दिवसांत फुगतो. प्लायला प्रायमर दोन्ही बाजूंनी मारा. एकाच बाजूने मारलेला प्लाय वाकतो आणि दोष सुताराला लागतो.

तपशील चुकवू नका : इमारत आणि दोन्ही लिफ्ट उजव्या कडेला, उतरण्याची तिरपी पट्टी डावीकडे झुकलेली, मागच्या भागात तीन तारा. इमारतीवरची खूण आर 11. ती जुन्या विक्रांतचीही होती, तेव्हा जुने फोटो पाहून नव्या नौकेवर सी हॉक ठेवू नका. नवी 2 सप्टेंबर 2022 रोजी नौदलात आली. सी हॉक त्याच्या कितीतरी आधी निवृत्त झाले होते.

प्रश्न : नव्या विक्रांतच्या पोलादात गोव्याचे खनिज आहे का?
– डिचोली

उत्तर : गोव्याचे लोहखनिज मुख्यतः निर्यात होत आले. विक्रांतचे पोलाद ‘सेल’ या सरकारी पोलाद कंपनीच्या बोकारो, भिलाई आणि राउरकेला कारखान्यांतले. रशियाकडून मिळायचे पोलाद वेळेत येईना, तेव्हा हैदराबादच्या संरक्षण धातुशास्त्र प्रयोगशाळेने डीएमआर 249ए हे सांगाड्यासाठी आणि 249बी हे फ्लाइट डेकसाठी तयार केले. अशा पोलादाचे मोल खनिजात कमी आणि त्याला दिलेल्या तापात, निववण्यात जास्त असते. वेल्डिंगच्या काड्याही त्याच पोलादासाठी नव्याने बनवाव्या लागल्या. पत्रा देशी आणि काडी परकी, अशा जोडावर नौका बांधता येत नाही.

प्रश्न : सी हॅरियर चांगले होते, मग मोडीत का काढले? आणि मिग-29के नेहमी दुरुस्तीत असतात हे खरे का?
– काणकोण

उत्तर : पहिली तीन सी हॅरियर 16 डिसेंबर 1983 रोजी दाबोळीला उतरली आणि 11 मे 2016 रोजी हंसावरच त्यांना निरोप दिला गेला. ब्रिटनने आपली सी हॅरियर 2006 मध्येच बंद केली होती. ज्याने विमान बनवले त्याने ते सोडले, की टायरपासून रडारपर्यंत प्रत्येक वस्तूसाठी जुन्याची मोडतोड करून नवे उभे करावे लागते. दहा वर्षे तशी काढली हेच पुष्कळ.

मिगबद्दल महालेखापालांचा 2016 चा अहवाल स्पष्ट आहे : 65 पैकी 40 इंजिने आराखड्यातल्या दोषांमुळे काढावी किंवा नाकारावी लागली. एका विमानाला दोन इंजिने लागतात, त्यामुळे एक गेले तरी विमान जमिनीवर बसते. 2025 च्या एप्रिलमध्ये 26 राफेल-एमचा करार झाला, 22 एका आसनाची आणि 4 दोन आसनांची. त्यांच्या बाबतीतही विमानांच्या आकड्याआधी सुटी इंजिने किती आली ते पाहावे, असे आमचे मत.

दुरुस्ती : आयएनएस हंसा 1961 मध्ये दाबोळीला सुरू झाली, असे गेल्या अंकात छापले होते. ते चूक आहे. ती 5 सप्टेंबर 1961 रोजी कोइमतूरजवळ सुलूरला सुरू झाली. तेव्हा दाबोळीवर पोर्तुगीजांचा ताबा होता. गोवा मुक्तीनंतर, 1964 मध्ये ती इथे आली. ही चूक फोंड्याच्या दोन आणि सांकवाळच्या एका वाचकाने दाखवून दिली.